जीपीएस ‘कधीकधी’ जातो म्हणजे नक्की कधी?

छोट्या विमानातला जीपीएस मधेच सिग्नल सोडायला लागला की बहुतेकांचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं, डबा गेला, म्हणजे पॅनलमधला रिसीव्हर. मग डबा काढायचा, दुरुस्तीला पाठवायचा, तिथे तो टेबलावर मस्त चालतो, ‘दोष आढळला नाही’ असा कागद आणि सोबत बिल येतं, डबा परत बसवायचा आणि पहिल्याच उड्डाणात परत तेच. मी स्वतः सिंगल इंजिनवालं विमान उडवतो आणि हँगरमधल्या एव्हिऑनिक्सवाल्यांच्या (विमानातली इलेक्ट्रॉनिक्स बघणाऱ्यांच्या) मागेमागे हिंडायची जुनी खोड आहे, त्यामुळे असले प्रकार बरेच बघितलेत आणि त्यात डबाच खराब निघाला असं फारच कमी वेळा झालंय. तरी सगळे सुरुवात डब्यापासूनच करतात कारण तो समोर दिसतो, अँटेना आणि केबल पत्र्याच्या वर नाहीतर आत, तिकडे कोण बघणार.

आधी हे डोक्यात बसायला हवं की हा सिग्नल किती कमजोर असतो. सॅटेलाइट साधारण २०,२०० किलोमीटर वर, आणि तिथून विमानाच्या अँटेनापर्यंत जे पोचतं ते उणे १३० डीबीएमच्या आसपास, म्हणजे एका वॅटचे एकावर सोळा शून्यं इतके तुकडे केले तर त्यातला एक तुकडा. हे रिसीव्हरच्या स्वतःच्या नॉइजच्याही खाली असतं, मिक्सर चालू असताना शेजारच्या खोलीतली कुजबूज ऐकायची तसा प्रकार, आणि रिसीव्हरला ती ऐकू येते कारण काय कुजबुजणार आहेत तो कोड त्याला आधीच पाठ असतो. आता त्याच अँटेनापासून मीटरभरावर तुमचा कॉम रेडिओ, म्हणजे बोलायचा रेडिओ, बटण दाबलं की दहाएक वॅट फेकतोय. दोघांतला फरक एकावर सतरा शून्यं. तेव्हा जॅमर (सिग्नल बुजवणारं यंत्र), सूर्यावरची वादळं हे सगळं नंतर, पहिला संशय आपल्याच विमानातल्या वस्तूंवर घ्यायचा.

आणि संशय घ्यायचा तर ‘कधीकधी जातो’ या वाक्याने काही होत नाही. कधी म्हणजे कधी? बटण दाबलेलं असताना, वळताना, लँडिंग लाइट लावल्यावर, पाऊस पडून गेल्यावर, इंजिन सुरू करताना, की एका ठराविक जागी? मी म्हणतो स्क्रू ड्रायव्हर घ्यायच्या आधी वही घ्या आणि गेला की त्या क्षणी वेळ, हेडिंग (नाक कुठल्या दिशेला), रेडिओवर कुठली फ्रिक्वेन्सी, कोण बोलत होतं, काय काय चालू होतं एवढं लिहा. पण हे एकट्याने करू नका, उजव्या सीटवर दुसरा कोणीतरी बसवा, पॅनलमध्ये डोकं घालून विमान उडवायचं नसतं. थोड्या उड्डाणांत त्या वहीत काहीतरी पॅटर्न दिसतोच, आणि नाही दिसला तर तीही माहिती आहे, बहुतेक वेळा मग कुठलातरी कनेक्टर ढिला असतो कारण व्हायब्रेशनला वेळकाळ नसतो.

एक फरक सुरुवातीलाच करा. स्क्रीन काळी होऊन डबा परत पहिल्यापासून सुरू होतोय, की स्क्रीन चालू आहे आणि फक्त पोझिशन गेली? पहिलं असेल तर तो सॅटेलाइटचा विषयच नाही, पॉवरचा आहे. स्टार्टर फिरवताना बसचं, म्हणजे सगळ्या उपकरणांना वीज देणाऱ्या मुख्य पट्टीचं, व्होल्टेज खाली जातं, ब्रेकर नाहीतर ग्राउंडची तार सैल असते, तिकडे जा. लोक दोन्हीला एकच नाव देतात, जीपीएस गेला, आणि मग दोन वेगळ्या आजारांना एकच औषध शोधत बसतात.

दुसरं असेल तर रिसीव्हरचं सॅटेलाइट स्टेटस पान उघडा, तेच ज्याच्याकडे एरवी कोणी बघत नाही. तिथे प्रत्येक सॅटेलाइटची पट्टी असते, काही डब्यांत आकडाही असतो डीबी-हर्ट्झमध्ये. मोकळ्या आकाशाखाली चांगला सिग्नल साधारण ४० ते ५० च्या मधे असतो, तिशीच्या खाली घसरला की रिसीव्हर धडपडायला लागतो. आणि त्या पट्ट्या कशा पडतात यावरच अर्धं निदान होतं. सगळ्या एकदम जमिनीवर आल्या तर अँटेना, केबल, अँटेनाची पॉवर किंवा कुठलातरी नॉइज. फक्त एका बाजूच्या पडल्या आणि विमान वळवलं की दुसऱ्या बाजूच्या पडतात तर पंख किंवा शेपूट आड येतंय, अँटेनाची जागा चुकली. सगळ्याच पट्ट्या कायम बुटक्या असतील, कधीच जात नाहीत पण कधी उंचही होत नाहीत, तर केबलमधे किंवा अँटेनाच्या अॅम्प्लिफायरमधे लॉस आहे आणि तुम्ही काठावर उडताय. आणि पट्ट्या ठणठणीत उंच असून डबा इंटिग्रिटी नाही, म्हणजे पोझिशनवर भरवसा ठेवू नका, म्हणून ओरडतोय तर गोष्ट वेगळी, तिकडे नंतर येतो.

इंटिग्रिटीचं गणित थोडक्यात असं की पोझिशन काढायला चार सॅटेलाइट पुरतात, पण त्यातला एखादा खोटं बोलतोय का हे ओळखायला पाच लागतात आणि तो खोटारडा बाजूला काढून पुढे चालायला सहा. म्हणजे चार दिसत असताना नकाशावर विमान मस्त सरकत असतं आणि तरी रेमची (रिसीव्हर स्वतःच करतो त्या या तपासणीची) वॉर्निंग येते, यात डब्याचं काहीच बिघडलेलं नसतं. वॉस (अमेरिकेची), एग्नॉस (युरोपची), गगन (भारताची) असली सॅटेलाइटवरची ऑगमेंटेशन, म्हणजे पूरक माहिती पाठवणाऱ्या यंत्रणा, वापरणारा नवा रिसीव्हर असेल तर हा त्रास बराच कमी होतो कारण सॅटेलाइटच्या तब्येतीची खबर त्याला बाहेरून मिळते, पण तीही शेवटी त्याच अँटेनातून येते ना.

आता कॉम रेडिओ. माझ्या मते सगळ्यात जास्त फसवणारा हाच. एका मित्राच्या चार सीटवाल्या विमानात जीपीएस एका ठराविक एअरफील्डजवळच जायचा, बाकी कुठे नाही, आणि सगळ्यांनी मिळून ठरवून टाकलेलं की तिथे कोणाचा तरी जॅमर आहे. जागा ठरलेली म्हटल्यावर कोणालाही तसंच वाटेल. पण वहीत बघितलं तर तिथली फ्रिक्वेन्सी होती १२१.२००, आणि जीपीएस त्या जागी जात नव्हता, त्या फ्रिक्वेन्सीवर मित्र बोलायला लागला की जात होता! जीपीएसची एल-१ फ्रिक्वेन्सी १५७५.४२ मेगाहर्ट्झ. १२१.२०० ला १३ ने गुणा, १५७५.६ येतं. ट्रान्समीटर कितीही चांगला असला तरी मूळ फ्रिक्वेन्सीच्या पटीत थोडी थोडी गळती करतोच, तिला हार्मोनिक म्हणतात, आणि जीपीएसचा सिग्नल मधल्या फ्रिक्वेन्सीच्या दोन्ही बाजूंना मेगाहर्ट्झभर पसरलेला असल्यामुळे ही गळती बरोब्बर त्याच्या पोटात पडते. १२१.१५० आणि १२१.१७५ चंही तेच, तेरावं हार्मोनिक. आणि १३१.२५०, १३१.२७५, १३१.३०० यांचं बारावं. या सहा फ्रिक्वेन्सी पाठ करून ठेवा, डबा बसवल्यावर करायच्या टेस्टमधेही याच असतात.

टेस्ट सोपी आहे आणि फुकट आहे. हँगरपासून लांब, मोकळ्या आकाशाखाली विमान उभं करा, सगळे सॅटेलाइट नीट पकडू द्या, मग कॉम एकवर, म्हणजे पहिल्या रेडिओवर, या सहा फ्रिक्वेन्सी एकेक लावून प्रत्येकीवर अर्धा मिनिट बटण दाबून धरा आणि पट्ट्यांकडे बघा, मग कॉम दोनवर तेच. फक्त आधी ऐका आणि टॉवर असेल तर विचारून घ्या, नाहीतर कोणाच्या तरी कामाच्या फ्रिक्वेन्सीवर तुमचा अर्ध्या मिनिटाचा मुका कॅरियर, म्हणजे बोलण्याशिवायचा नुसता सिग्नल, आणि मग जे बोलणं खावं लागतं ते रास्तच असतं. मित्राच्या विमानात कॉम एकवर पट्ट्या अशा आपटल्या की बघायला मजा आली, कॉम दोनवर थोड्याशा लवल्या. कॉम एकच्या अँटेना केबलवर नॉच फिल्टर लावला, छोटीशी वस्तू, जीपीएसच्या फ्रिक्वेन्सीला अडवते आणि कॉमची जाऊ देते. फरक पडला पण पूर्ण गेलं नाही, आणि इथेच बहुतेक लोक म्हणतात की फिल्टर भंगार आहे.

फिल्टर बरोबरच होता. उरलेला गुन्हेगार ईएलटी. अपघात झाला की आपोआप सिग्नल सोडणारा तो डबा, एरवी शेपटीत गप्प बसलेला, त्याला कोण बोट दाखवणार? पण त्याची अँटेना कॉमचा जोरदार सिग्नल पकडते, तो आतल्या आउटपुट ट्रान्झिस्टरवर जाऊन आदळतो, ट्रान्झिस्टर बंद असला तरी त्यातून हार्मोनिक तयार होतात आणि त्याच अँटेनातून परत बाहेर पडतात, जीपीएसच्या अँटेनाच्या शेजारीच. ओळखायचं कसं, तर ईएलटीची अँटेना केबल तात्पुरती काढायची आणि तीच सहा फ्रिक्वेन्सींची टेस्ट परत करायची. मित्राच्या विमानात पट्ट्या हलल्यासुद्धा नाहीत. मग ईएलटीच्या केबलवर पण फिल्टर. आणि हो, ती केबल काढली की परत लावल्याशिवाय विमानापासून हलायचं नाही, लाल कापड बांधा, कागद चिकटवा, काहीही करा. बाकी सर्टिफाइड विमानात हे काम लायसन्सवाल्या इंजिनिअरनेच करायचं असतं आणि लॉगबुकात चढवायचं असतं, आपण बघणं, लिहिणं आणि बटण दाबणं एवढ्यावर थांबायचं.

रेडिओचा संबंध नाही असं दिसलं तर कॉकपिटमधला कचरा बघा. सिगरेट लायटरच्या सॉकेटमधले स्वस्त यूएसबी चार्जर हे माझे खास आवडते. बारा किंवा अठ्ठावीस व्होल्टचे पाच करायला आत स्विचिंग सर्किट असतं, शिल्डिंगच्या नावाने बोंब, आणि ते रेडिओच्या सगळ्या बँडमधे कुरकुरतं. ग्लेअरशील्डवर (पॅनलच्या वरच्या, काचेखालच्या फळीवर) चिकटवलेला अॅक्शन कॅमेरा किंवा डॅशकॅम पण तसलाच, विशेषतः जीपीएसची अँटेना पण तिथेच आत काचेखाली असेल तर. टेस्ट करताना नुसतं बंद करून चालत नाही, चार्जर सॉकेटमधून उपटायचा, कॅमेऱ्याची बॅटरी काढायची. एलईडी लाइट नवीन बसवले असतील आणि त्रास त्यानंतर सुरू झाला असेल तर उत्तर बहुतेक तिथेच, जमिनीवर एकेक स्विच आणि ब्रेकर काढत घालत बघा. एकावेळी एकच. सगळं एकदम बंद केलं आणि जीपीएस सुधारला तर आनंद होतो पण कळत काहीच नाही. सॅटेलाइट फोन किंवा ट्रॅकर असेल तर त्याच्याकडे पण बघा, इरिडियम १६१६ ते १६२६.५ मेगाहर्ट्झवर चालतं, म्हणजे जीपीएसचा अगदी जवळचा शेजारी, त्याची अँटेना जीपीएसच्या अँटेनाला खेटून लावणं म्हणजे भांडणाला आमंत्रण.

या सगळ्यात एक स्वस्त हत्यार म्हणजे स्वतःच्या बॅटरीवर चालणारा वेगळा हँडहेल्ड जीपीएस, विमानाच्या वायरिंगला कुठेही न जोडलेला. पॅनलवाला गेला तेव्हा हा पण गेला का? दोन्ही गेले तर हवेत काहीतरी आहे, आपलंच किंवा बाहेरचं. पॅनलवालाच गेला आणि हा छान चालू आहे तर अँटेना आणि केबलकडे वळा.

केबलची गंमत अशी की ती बघून कधीच कळत नाही. अँटेना अॅक्टिव्ह असते, तिच्या आत अॅम्प्लिफायर असतो आणि त्याला पॉवर रिसीव्हरच त्याच कोॲक्समधून (अँटेनाच्या केबलमधून) पाठवतो, बहुतेक डब्यांत पाच व्होल्टच्या आसपास, नक्की आकडा मॅन्युअलमधे बघा. अँटेनाकडचा कनेक्टर सोडून मधल्या पिनवर मल्टिमीटर लावला की पॉवर येतेय का ते लगेच कळतं. येत नसेल तर केबल तुटली किंवा शॉर्ट, किंवा मधे कोणीतरी स्प्लिटर टाकलाय जो डीसी अडवतो, एका अँटेनावर दोन रिसीव्हर चालवायच्या हौसेपायी. व्होल्ट आले म्हणजे केबल चांगली असंही नाही, कनेक्टरमधे पाणी गेलं, शिल्डची वेणी कुजली तर डीसी आरामात जातो आणि दीड गिगाहर्ट्झ तिथेच मरतो. पावसानंतर त्रास वाढतो आणि ऊन पडलं की कमी होतो असं वहीत असेल तर अँटेना उचलून खाली बघा, गॅस्केट गेलेलं असतं, हिरवा नाहीतर पांढरा थर आलेला असतो. पत्र्याशी तिचा अर्थिंगचा संपर्क पण त्यातच जातो. साधी आरजी-५८ केबल कोणी लावली असेल तर सरळ काढून टाका, आरजी-४०० घाला, इथे पैसे वाचवण्यात काही अर्थ नाही. आणि अँटेनावर विमानाचा रंग मारलाय का बघा, विशेषतः मेटॅलिक. रंगारी सगळंच रंगवतात.

आणि एक अगदी बावळट वाटणारी जागा. पॅनलमधले बरेच डबे ट्रेमधे सरकवून बसवलेले असतात, मागचे अँटेना कनेक्टर आंधळेपणाने एकमेकांत घुसतात, आणि समोरच्या एका छोट्या ॲलन स्क्रूने डबा आत ओढला जातो. पॅनलवर सजावटीची जाड पट्टी लावली किंवा ट्रे जरा मागे बसला तर डबा पूर्ण आत जातच नाही, पॉवर आणि डेटाच्या पिना लांब असतात त्यामुळे सगळं चालू दिसतं, पण अँटेनाचा कनेक्टर जेमतेम टेकलेला. टॅक्सी करताना ठीक, टेकऑफच्या व्हायब्रेशनला गायब. डबा दुरुस्तीला पाठवला, आला, परत बसवला की काही दिवस बरं चालतं याचं कारण पण कित्येकदा एवढंच, बसवताना तो जरा आत ढकलला गेला.

डब्याचीच चूक असते अशी एक जुनी गोष्ट मात्र आहे, तारीख. जीपीएस आठवडे मोजतो आणि मूळ सिग्नलमधे ती मोजणी १०२४ आठवड्यांनी शून्यावर येते. १९९९ च्या ऑगस्टमधे आली, मग ६ एप्रिल २०१९ च्या रात्री आली, पुढची २०३८ च्या नोव्हेंबरमधे. जुन्या रिसीव्हरमधे अपडेट नसेल तर तो स्वतःला साडेएकोणीस वर्षं मागे समजतो, कुठला सॅटेलाइट आकाशात कुठे असेल याचा अंदाज चुकतो आणि पकडायला उगाच वेळ खातो. आतली छोटी बॅटरी संपली तरी तसंच, प्रत्येक वेळी कोरी पाटी, आणि पूर्ण आल्मनॅक, म्हणजे सगळ्या सॅटेलाइटचं वेळापत्रक, उतरवायला साडेबारा मिनिटं लागतात. इंजिन सुरू करून लगेच निघणाऱ्याला वाटतं जीपीएस मेला. तेव्हा पानावरची तारीख एकदा वाचा.

टॅबलेटवाल्यांसाठी दोनच ओळी. फक्त वाय-फायवाल्या आयपॅडमधे जीपीएस नसतोच, सिमवाला लागतो किंवा बाहेरचा ब्लूटूथ रिसीव्हर. आणि उन्हात तापून बंद पडणं हा नेव्हिगेशनचा दोष नाही.

आता बाहेरचं जग. ते खोटं आहे असं मी म्हणत नाहीये. अमेरिकेत नेवार्क विमानतळावरची लँडिंगची जीपीएस यंत्रणा शेजारच्या हायवेवरून जाणाऱ्या एका ट्रकमधल्या जॅमरमुळे अडखळायची, ड्रायव्हरला फक्त मालकापासून आपला ठावठिकाणा लपवायचा होता. २००१ मधे कॅलिफोर्नियात मॉस लँडिंग बंदरात अख्ख्या बंदराचा जीपीएस जायचा, शेवटी निघाल्या काय तर बोटींवरच्या टीव्ही अँटेना, त्यांच्या अॅम्प्लिफायरची गळती. २०२२ च्या जानेवारीत डेन्व्हरच्या आसपास एक दिवसापेक्षा जास्त वेळ सिग्नल बिघडलेला होता. ६ डिसेंबर २००६ ला सूर्याच्या रेडिओ स्फोटाने उजेडाच्या बाजूचे रिसीव्हर गडबडले. आणि २०२३ च्या शरदापासून पश्चिम आशियात स्पूफिंग, म्हणजे खोटा जीपीएस सिग्नल पाठवणं, सुरू झालं, तिथे पट्ट्या उंच असतात आणि पोझिशनच खोटी असते, विमान भलत्याच विमानतळावर उभं दिसतं, घड्याळ उडी मारतं, जमीन जवळ आल्याची वॉर्निंग उगाच ओरडते. मगाशी जे म्हटलं की पट्ट्या चांगल्या आणि डबा ओरडतोय, ते हे असू शकतं. पण तेव्हा तुम्ही एकटे नसता. रेडिओवर दुसरे पण बोलत असतात, नोटॅम (वैमानिकांसाठीची अधिकृत सूचना) असतो, एटीसीला (हवाई वाहतूक नियंत्रणाला) विचारलं तर तेही सांगतात. त्या हवेत फक्त तुमचंच विमान हरवत असेल तर जॅमर तुमच्या विमानातच आहे असं धरून चाला.

मित्राच्या विमानाचं पुढे असं झालं की दोन फिल्टर बसल्यावर एडीएस-बीवरची (विमान स्वतःची पोझिशन आपोआप बाहेर पाठवतं ती यंत्रणा) पोझिशन तुटतेय ही कंट्रोलरची तक्रारही बंद झाली, कारण ट्रान्सपॉन्डर, म्हणजे ती पोझिशन बाहेर पाठवणारा डबा, त्याच रिसीव्हरकडून पोझिशन घेत होता आणि तोपर्यंत ट्रान्सपॉन्डर बदलायचा पण विचार चाललेला. टेस्टचे पट्ट्यांचे आकडे, आधीचे आणि नंतरचे, लॉगबुकाच्या एंट्रीला जोडून ठेवलेत, पुढच्या माणसाला निदान हे विमान धडधाकट असताना कसं दिसतं ते कळेल. खूप स्टीप टर्न मारला की वर उचललेल्या पंखाच्या बाजूच्या एकदोन पट्ट्या अजूनही पडतात. विमान आडवं केलं की अँटेना पण आडवी होते, बाकीचे सात-आठ पुरतात, त्याला आम्ही हात लावलेला नाही.